शाल, श्रीफळ आणि भावोजींचा अपमान

अख्ख्या कतारात स्वतःची निंदा ऐकायला मिळावी म्हणून झुरणारा माणूस एकच होता, आणि तो नेमका आमच्या डोक्यावर राहत होता. डोक्यावर म्हणजे वरच्या मजल्यावर. अल हिलाल वस्तीतल्या आमच्या जुन्या इमारतीत लिफ्ट वरचेवर बंद पडते, आणि जिन्यात एकमेकांच्या पिशव्या उचलता उचलता भाडेकरू नातेवाईक होऊन जातात. तसे ते आमचे भावोजी झाले. मूळचे नाशिकचे. काम काय, तर तेलाच्या आणि वायूच्या प्लांटमध्ये पोलादी टाक्या, पाइप वगैरे रंगवतात, तो रंग नीट बसलाय की नाही ते तपासायचं. रंगाची जाडी मोजणारं एक छोटं यंत्र सदा खिशात. त्यांची गाडी लांबून दिसली तरी कंत्राटदाराची माणसं हातातला चहा टाकून उभी राहायची म्हणे. भावोजींनी खडूने फुली मारली की खलास, सगळा रंग खरवडायचा आणि पहिल्यापासून सुरुवात. असा दिवसभर दुसऱ्यांचा राखाडी रंग नाकारून दमलेला माणूस संध्याकाळी घरी येऊन स्वतः चित्रं काढायचा, आणि ती कोणीतरी नाकारावीत म्हणून डोळ्यांत प्राण आणून वाट बघायचा. आता बोला!

या खुळाचं मूळ पॅरिसमध्ये होतं. भावोजी पॅरिसला कधी गेले नव्हते. सुट्टी मिळाली की नाशिक, हाच त्यांचा जगप्रवास. पण दीडशे वर्षांपूर्वी तिथे उन्हाच्या मागे लागलेली जी चित्रकार मंडळी होती, ज्यांना जग इम्प्रेशनिस्ट म्हणतं, त्यांच्याबद्दल ते असं बोलायचे की ती सगळी नाशकात त्यांच्या गल्लीतच राहत असावीत. मराठीत याला दृक्प्रत्ययवाद म्हणतात, हेही त्यांनीच मला सांगितलं, पण तो शब्द तिसऱ्या मजल्यापर्यंत चढताना उच्चारला तर धाप लागते, म्हणून आम्ही तो सोडून दिला. त्या चित्रकारांची परकी नावं भावोजींच्या जिभेवर बसत नसत, तेव्हा त्यांनी प्रत्येकाचं बारसं केलं होतं. बंदरावरचा सूर्योदय काढणारे ते ‘बंदरवाले’. नाचणाऱ्या मुली काढणारे आणि उन्हात जायचं म्हटलं की नाक मुरडणारे ते ‘नाचवाले’. यांच्यावर भावोजींचा भारी राग. म्हणायचे, “असा एक माणूस प्रत्येक मंडळात असतोच हो वहिनी. सहलीला येतो आणि बसमध्येच बसून राहतो.” सगळ्यांची भांडणं सोडवणारे, एकही प्रदर्शन न चुकवलेले पांढऱ्या दाढीचे ते ‘आजोबा’. आणि एक उंच तरुण, ज्याने मित्रांना आपल्या स्टुडिओत जागा दिली आणि जो त्यांचं पहिलं प्रदर्शन भरण्याआधीच लढाईत मारला गेला, त्याला मात्र त्यांनी नाव दिलं नव्हतं. त्याचा विषय निघाला की ते नुसतं ‘तो’ म्हणायचे आणि चष्मा पुसत बसायचे.

ही हकीगत त्यांच्या तोंडून ऐकावी. पॅरिसमध्ये दरवर्षी सरकारी प्रदर्शन भरायचं, त्याला परीक्षक असायचे. गुळगुळीत चेहरे, देवदेवता, घोड्यावरचे सेनापती काढणाऱ्यांची चित्रं भिंतीवर जायची, आणि आपल्या मंडळींची परत यायची. “परत यायची म्हणजे नुसती नाही,” इथे भावोजींचा आवाज चढायचा, “मागच्या बाजूला शिक्का मारून! नाकारलं म्हणजे नाकारलं! काय पद्धतीची माणसं होती, वहिनी!” एक तर इन्स्पेक्टरचा पिंड, त्यामुळे परीक्षकांचाही त्यांना अभिमान. मग तिकडे कथिलाच्या नळीत भरलेला तयार रंग निघाला, आणि रंग घोटत घरात बसायची गरज राहिली नाही. मंडळी निघाली बाहेर, नदीकाठी, आगगाडीच्या स्टेशनात, गवताच्या गंज्यांपुढे. एकाच्या घरात खायला नव्हतं तेव्हा दुसऱ्याने आपल्या आईच्या घरचा पाव त्याच्याकडे नेला. शेवटी कंटाळून त्यांनी स्वतःचंच प्रदर्शन मांडलं, एका फोटोग्राफरच्या रिकाम्या झालेल्या स्टुडिओत. लोक तिकीट काढून हसायला आले. एका टीकाकाराने बंदरवाल्यांच्या चित्राच्या नावावरून टर उडवली, की हे चित्र कसलं, नुसतं इम्प्रेशन, ओझरता भास. यापेक्षा भिंतीला चिकटवायचा कागद बरा. मंडळींनी काय करावं? तीच शिवी उचलली आणि पुढे आपलं नाव म्हणून मिरवली. इथपर्यंत आलं की भावोजी टाळी मागायचे. माझा हात पिठात असला तरी द्यावी लागायची.

आता उघड्यावर जाऊन चित्र काढायचं हे पॅरिसला ठीक आहे. तिथे ऊन हे कौतुकाचं. आमच्याकडे जूनमध्ये दाराची कडी पकडली तर हात भाजतो. पण भावोजी शुक्रवारी सकाळी निघायचेच. डोक्याला ओला टॉवेल, त्यावर टोपी, गाडीत बर्फाचा डबा. डबा पाण्यासाठी नव्हे हं, रंगांसाठी. वारा सुटला की ओल्या चित्रावर वाळू बसायची, आणि ते म्हणायचे, “बसू दे. तीही इथलीच आहे.” एकदा लुसैलला एका काचेच्या टॉवरसमोर त्यांनी चित्राची घोडी मांडली. एकच टॉवर सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी काढायचा, बंदरवाल्यांनी गंज्या काढल्या तसा. सकाळ संपायच्या आत सिक्युरिटी गार्ड आला. “सर, फोटो नॉट अलाउड.” भावोजी म्हणाले, हा फोटो नाही. त्याने सुपरवायझरला बोलावलं. सुपरवायझरने चित्राकडे बघितलं, टॉवरकडे बघितलं, पुन्हा चित्राकडे बघितलं आणि गार्डला म्हणाला, “नो प्रॉब्लेम. धिस इज नॉट अवर बिल्डिंग.” दुसरा कोणी असता तर शरमेने गाडीत जाऊन बसला असता. भावोजी तरंगत घरी आले. जिन्यातूनच ओरडले, “वहिनी, आज एकाने बघितलं! दोनदा बघितलं!” त्या आनंदात त्यांनी आमच्याकडे पोहे दोनदा मागून खाल्ले.

रंगांच्या बाबतीत त्यांच्यापुढे तोंड उघडायची सोय नव्हती. सावलीला काळी म्हटलं की त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. आमच्या ह्यांनी मोठ्या हौसेने पांढरी गाडी घेतली, कतारात सगळे घेतात तशी. पेढे द्यायला वर गेले, तर भावोजी खिडकीतून गाडीकडे बघत म्हणाले, “पांढरी कुठे आहे? आत्ता पिवळट आहे. दुपारी बघा, निळी दिसेल. आणि दिवेलागणीला, मगरिबच्या अजानच्या वेळी तर चक्क गुलाबी.” हे बिचारे सरळ माणूस. खाली आले, दुपारी गच्चीतून गाडी बघितली, संध्याकाळी पुन्हा बघितली, आणि दुसऱ्या दिवशी शोरूमला फोन लावला की रंगात काहीतरी गडबड आहे. मी कपाळाला हात लावला. भावोजींच्या पत्नीला, म्हणजे ताईंना, हे सांगितलं तर त्या शांतपणे वह्या तपासत राहिल्या. त्या इथल्या शाळेत गणित शिकवायच्या. इतकी वर्षं संसार केला, पण नवऱ्याच्या चित्राबद्दल चांगलं नाही की वाईट नाही, एक अक्षर काढलेलं नाही. मी एकदा विचारलंच. तर म्हणाल्या, “मी मत देत नाही गं. आमचं लग्न टिकलंय ते त्याच्यावरच.”

खरी पंचाईत आमच्या मराठी मंडळींनी केली. तसा दोष कोणाला द्यायचा? परदेशात आपली माणसं मोजकी. एकाला दुखावलं तर उद्या विमानतळावर सोडायला कोण येणार, आणि आजारपणात मऊ भाताचं भांडं कोण पाठवणार? त्यामुळे आमच्यात सगळ्यांचं सगळंच छान असतं. बेसूर भावगीत छान, फसलेले मोदक छान, तीन तास लांबलेलं नाटक तर फारच छान. गणपतीत हॉलमध्ये हौशी कलाकारांचं प्रदर्शन ठेवायचं ठरलं, तेव्हा भावोजींच्या डोळ्यांत मला एक वेगळीच चमक दिसली. इतक्या वर्षांनी त्यांना त्यांचं सरकारी प्रदर्शन सापडलं होतं. त्यांनी मुद्दाम सगळ्यांत दांडगं चित्र दिलं. धुळीच्या वादळातल्या क्रेन होत्या त्यात, पण तसं सांगावं लागे. मला तर सांडलेली आमटी वाटली होती. भावोजी म्हणाले, “हे कमिटी नाकारणारच. हॉलबाहेर ठेवतील. मग बघा मजा.” कमिटीने ते प्रवेशद्वारासमोर, रांगोळीच्या डोक्यावर टांगलं. आणि समारोपाला स्टेजवर बोलावून भावोजींना शाल आणि श्रीफळ!

मी पहिल्याच रांगेत होते. शाल खांद्यावर पडली तशी भावोजींचा चेहरा असा उतरला, की जणू कोणी वाईट बातमी सांगितली. त्यांनी माइक घेतला आणि अध्यक्षांना एवढंच विचारलं, “आपल्याला यातलं काय आवडलं?” अध्यक्ष दिलखुलास हसले. “सगळंच! सगळंच छान आहे!” टाळ्या पडल्या. भावोजी नारळ घेऊन खाली आले आणि माझ्या शेजारच्या खुर्चीत मटकन बसले. घरी जाऊन जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी जिन्यात भेटले तेव्हा मी जरा रागानेच म्हटलं, “अहो भावोजी, लोक शालीसाठी खेटे घालतात आणि तुम्ही सुतक पाळताय?” तर जिन्याच्या पायरीवरच बसले. म्हणाले, “वहिनी, मी एक टाकी नाकारतो ना, तेव्हा तिच्यावर चढतो, उतरतो, पोटाखाली शिरतो. पास तर न बघताही करता येतं. पॅरिसला लोक शिव्या देत होते, पण चित्रापुढे उभं राहून देत होते. इथे माझ्या चित्रापुढे कोणी उभंच राहिलं नाही हो.” मी “चहा टाकते,” म्हटलं आणि आत गेले. पण तो दिवस मला लागला. तोवर मी त्यांना हसत होते. त्या दिवसापासून मनातून मानायला लागले.

आणि मग त्यांची नोकरी संपली. वय झालं, कंपनीने निरोप दिला, व्हिसा रद्द व्हायचा होता, महिन्याभरात नाशिक. कार्गोवाला येऊन सामानाचा अंदाज घेऊन गेला. नाशिकचा फ्लॅट लहान, आणि इथे चित्रं तर सोफ्यामागे, पलंगाखाली, माळ्यावर, फ्रिजच्या बाजूला. ताई एका संध्याकाळी खाली आल्या. म्हणाल्या, “ह्यांनी एक वेड घेतलंय. म्हणतात, जे खरं उतरलंय तेवढंच नेईन. एकही नसेल तर एकही नेणार नाही, आणि पुन्हा ब्रशला हात लावणार नाही. आता इतक्या वर्षांनी त्यांचं त्यांना कळेना झालंय. तू ये.” मी म्हटलं, मी? मला चित्रातलं ओ की ठो कळत नाही! ताईंच्या मागून भावोजीच जिना उतरून आले. “म्हणूनच,” म्हणाले. “तुम्ही कोल्हापूरच्या. सुपरमार्केटमध्ये मी तुम्हाला भेंडी घेताना बघितलंय. एकेकीचा शेंडा मोडून बघता. तशी निवडा.” मी म्हटलं, “अहो, पण मी तर तुमच्या प्रत्येक चित्राला छानच म्हणत आले.” त्यावर ते काय म्हणाले माहीत आहे? “सगळ्यांत खोटं ‘छान’ तुमचं असतं, वहिनी. म्हणजे खरं काय ते तुम्हाला कळलेलं असतं.”

शुक्रवारी नाश्ता आटोपून वर गेले. अर्धं घर खोक्यांत गेलं होतं. पडदे ओढलेले, वर ट्यूबलाइट. भावोजी एकेक चित्र माझ्यापुढे धरायला लागले. पहिल्या चित्राला माझी जीभ अडखळली. मग म्हटलं, माणूस एवढं मागतोय तर द्यावं. “हा समुद्र नाही. कपडे भिजवलेलं पाणी आहे.” भावोजींचा चेहरा असा फुलला की काय सांगू! “घ्या, बाजूला!” मग माझाही हात बसला. “ही खजुराची झाडं? कुंचे उलटे रोवलेत.” बाजूला. “ही मशीद काढलीत की केक?” बाजूला. “हे ठीक आहे, पण हे तुमचं नाही, त्या बंदरवाल्यांचं बघून काढलेलं आहे.” त्यांनी चित्र स्वतःकडे वळवून बघितलं. “बरोबर,” म्हणाले. बाजूला. बाजूच्या ढिगाची उंची वाढत गेली आणि पुढ्यातली चित्रं कमी होत गेली, तसं त्यांचं हसणंही कमी होत गेलं. मागायला निंदा मागितली होती, पण शेवटी माणूसच ना! वाटलं, पुढचं येईल त्याला डोळे मिटून ‘हे न्या’ म्हणावं आणि सुटावं. पण त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की ती वाट बंद झाली. शेवटी खोली संपली. भावोजी रिकाम्या हातांनी उभे राहिले.

“संपली?” मी विचारलं. “पॅसेजमध्ये एक आहे,” ते म्हणाले, “ते राहू द्या, ते असंच आहे.” मी तशीच पॅसेजकडे वळले. तिथे तर दिवाही नव्हता. आणि वळल्याबरोबर मी चिडून म्हटलं, “अगं बाई, हा पडदा कोणी उघडा ठेवला?” आणि डोळ्यांवर हात आडवा धरला. मग माझ्या लक्षात आलं, की पॅसेजला खिडकीच नाही. भिंतीला टेकवलेलं ते चित्र होतं. आमच्या इमारतीमागचं पार्किंग, ऐन उन्हाळ्यातली दुपार. पत्र्याच्या शेडखाली तीन गाड्या. जमीन म्हणाल तर पांढरी, म्हणाल तर गुलाबी, आणि भिंतीलगत सावलीची एक जांभळी चिंचोळी पट्टी. त्या पट्टीतून, भिंतीला अगदी चिकटून, एक बाई चाललेली. बाई म्हणजे काय, तर ब्रशचे तीन फटके. तोंड नाही, हात नाहीत. एका खांद्यावर जड पिशवी, म्हणून तो खांदा खाली. आम्ही सगळ्याच बायका इथे दुपारी अशा चालतो, सावलीचा पदर धरून. मी हात खाली घेतला नाही. खरंच घेववेना.

ताई स्वयंपाकघरातून हात पुसत आल्या आणि माझ्या शेजारी उभ्या राहिल्या. शाळेची वह्यांची पिशवी डाव्या खांद्यावर घेऊन किती वर्षं त्या त्या पार्किंगमधून आल्या असतील! त्यांनी चित्र बघितलं. चष्मा काढून बघितलं, लावून बघितलं. भावोजी मागे उभे. मी बाजूला सरकले, आता माझं काही काम नव्हतं. मग ताई म्हणाल्या, “पाय भाजताहेत तिचे.”

एवढंच. चांगलं म्हणाल्या नाहीत, वाईट म्हणाल्या नाहीत. भावोजी तिथेच एका खोक्यावर बसले आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. ताईंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, आणि मला म्हणाल्या, “चहा टाक गं, माझी भांडी पॅक झालीत.” मी खाली येऊन आधण ठेवलं आणि ओट्याला टेकून मनसोक्त रडले. कशासाठी ते आमच्या ह्यांना शेवटपर्यंत समजावून सांगता आलं नाही.

विमानतळावर आम्ही दोघं सोडायला गेलो होतो. बाकीची चित्रं भावोजींनी हौशी पोरापोरींना वाटून टाकली, वरून खुशाल रंगवा म्हणून. हे एकच त्यांनी कार्गोला दिलं नाही. ताईंच्या जुन्या सुती साडीत गुंडाळून छातीशी धरलं होतं. आत जाताना ते वळले, पण हात मोकळे नव्हते, म्हणून नुसती मान हलवली. दोघांच्या वाटणीचा हात ताईंनीच हलवला. परवा ताईंचा फोन आला होता. नाशिकच्या घरात ते चित्र समोरच्या भिंतीवर लावलंय. पाहुणे छान म्हणतात, आणि भावोजी कोणावर चिडत नाहीत. पुन्हा काढायलाही लागलेत, गच्चीत. इकडे वरच्या मजल्यावर नवीन कुटुंब आलं आहे. फार चांगली माणसं आहेत. काल मी त्यांना नारळाच्या वड्या दिल्या, पाक चुकला होता, दगड झाल्या होत्या. ती मुलगी तोंडात वडी घोळवत म्हणाली, “काकू, छान झाल्यात हं.” मी थँक्यू म्हटलं, दार लावलं, आणि मला भावोजींची इतकी आठवण आली की सांगता सोय नाही.